ऑप नोटमधल्या त्या दोन ओळी: प्रोसिजर करणाऱ्या डॉक्टरांना एका कोडरचं खुलं पत्र

डॉक्टर मंडळी, नमस्कार.

अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या आपल्या मराठी डॉक्टरांसाठी हे पत्र आहे, त्यातही जे स्कोप घालतात, सांध्यात सुई घालतात, कापतात-शिवतात, कॅथेटर सरकवतात त्यांच्यासाठी. नुसतं तपासून औषध लिहून देणाऱ्यांना सध्या सोडलंय, त्यांच्या ई अँड एमचं, म्हणजे तपासणी-सल्ल्याच्या कोडचं, रामायण वेगळं आहे, ते परत कधीतरी. मी कोडर आहे. तुमच्या ऑप नोट, म्हणजे प्रोसिजरचा तुम्ही लिहिलेला वृत्तांत, वाचायच्या आणि त्यावरून बिलासाठी सीपीटी (काय केलं त्याचे) आणि आयसीडी (कुठल्या आजारासाठी केलं त्याचे) कोड लावायचे हे माझं रोजचं काम. तुम्ही मला ओळखत नाही, मी मात्र तुम्हाला नोटवरून बरोबर ओळखते, कोण जुनी नोट कॉपी करून फक्त तारीख बदलतं, कोण मनापासून डिक्टेट करतं, कोण आठवडाभराच्या नोट्स शुक्रवारी संध्याकाळी एकदम सोडतं, सगळं कळतं.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकते. तुमच्या हातांनी आत काय केलं ते पेयरला, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीला किंवा मेडिकेअर या सरकारी विम्याला, दिसत नाही, त्याला फक्त कागद दिसतो, आणि त्या कागदावर जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते तुम्हीच लिहायला हवं, ते आम्ही अंदाजाने भरलं तर तो फ्रॉड होतो आणि नाही भरलं तर तुमचे पैसे जातात. मधला रस्ता नाही. असता तर आम्हीच पहिले गेलो असतो.

आता उदाहरण घेऊ, कारण नुसतं "डॉक्युमेंटेशन सुधारा" हे तुम्ही दर मीटिंगमध्ये ऐकता आणि सोडून देता, आणि खरं सांगायचं तर बरोबरच करता, त्या वाक्यातून कुणाला काही कळत नाही.

कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्यात स्कोप घालून केलेल्या तपासणीची, नोट. वर हेडरमध्ये "कोलोनोस्कोपी विथ पॉलिपेक्टॉमी" असं छान ठळक लिहिलेलं. खाली बॉडीमध्ये काय, तर "मल्टिपल पॉलिप्स वेअर सीन अँड रिमूव्हड". झालं, संपली नोट. आता मला सांगा, हे पॉलिप, म्हणजे आतड्यातल्या गाठी, काढले कशाने? फोर्सेप्सने चिमटे घेतले असतील तर ४५३८०. हॉट बायोप्सी फोर्सेप्स (विजेवर तापणारा चिमटा) असेल तर ४५३८४. स्नेअर, म्हणजे तारेचा फास, टाकून काढले तर ४५३८५. तिन्हींचे पैसे वेगळे, आरव्हीयू (कामाचं वजन सांगणारे गुण) वेगळे. आणि कोड हेडरवरून लावायचा नसतो, बॉडीवरून लावायचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, त्यांना वाटतं वर मोठ्या अक्षरात लिहिलं की काम झालं. हेडरमध्ये स्नेअर आणि बॉडीत नुसतं "रिमूव्हड" असेल तर ऑडिटर स्नेअर मान्य करत नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही केला नसता.

बरं, दोन पॉलिप दोन वेगळ्या पद्धतीने काढले, एक असेंडिंगमधला स्नेअरने आणि एक सिग्मॉइडमधला फोर्सेप्सने, तर दोन्ही कोड मिळतात, ४५३८५ आणि त्यासोबत ४५३८० ला ५९ मॉडिफायर (कोडला जोडायची खूण, ही 'हे काम वेगळं होतं' असं सांगणारी), किंवा पेयर घेत असेल तर एक्सएस (वेगळी जागा). पण त्यासाठी कुठला पॉलिप कुठे होता आणि कशाने काढला हे जोडीने लिहिलेलं पाहिजे. एकाच पॉलिपला आधी चिमटा घेतला आणि मग तोच स्नेअरने काढला तर एकच कोड, मोठा तो. आणि दहा पॉलिप स्नेअरने काढले तरी ४५३८५ एकदाच, पॉलिप मोजून पैसे मिळत नाहीत, पद्धतीचे मिळतात. "एवढे काढले तरी एकच कोड?" असं एका डॉक्टरांनी अगदी रागावून लिहिलं होतं, त्यांचा राग मला समजतो पण नियम मी केलेला नाही हो.

पॉलिप वर उचलण्यासाठी त्याच्या खाली इंजेक्शन दिलं तर ४५३८१ वेगळा लागतो. पण तेच पूर्ण ईएमआर (अस्तर उचलून गाठ त्यासकट काढणं) असेल तर ४५३९०, आणि त्यात इंजेक्शन धरलेलंच आहे, त्याच जागेसाठी परत वेगळं लावता येत नाही. ईएमआर म्हणण्यासाठी इंजेक्शन, कडा आखून घेणं आणि स्नेअरने किंवा बँड लावून काढणं हे तिन्ही नोटमध्ये दिसलं पाहिजे. नुसतं "ईएमआर परफॉर्मड" लिहिलं आणि कडांचा उल्लेखच नाही, अशा नोटा इतक्या येतात की विचारू नका.

कोलोनोस्कोपीवर अजून थोडी थांबते कारण इथे फटका तुम्हाला नाही, पेशंटला बसतो. माणूस धडधाकट, काही त्रास नाही, वय झालं म्हणून स्क्रीनिंगला आला. २०२१ पासून यूएसपीएसटीएफने, म्हणजे अशा तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने, हे वय ४५ वर आणलंय. अशा स्क्रीनिंगला बहुतेक प्रायव्हेट प्लॅनमध्ये पेशंटच्या खिशातून काही जायला नको, पॉलिप सापडून काढला तरी. त्यासाठी आम्ही पहिलं डायग्नोसिस झेड १२.११ (आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग) लावतो, मग पॉलिपचा कोड, आणि सीपीटीला मॉडिफायर ३३, मेडिकेअर असेल तर पीटी. मेडिकेअरमध्ये पॉलिप काढला तर पेशंटचा वाटा अजून पूर्ण गेलेला नाही, २०२३ ते २०२६ पर्यंत १५ टक्के आहे, २०२७ पासून १० टक्के होणार आणि २०३० पासून शून्य. पण हे सगळं कशावर अवलंबून, तर नोटमधल्या "इंडिकेशन" या एका ओळीवर. ती ओळ तुमच्या टेम्प्लेटने आधीच्या व्हिजिटमधून उचलली आणि तिथे "रेक्टल ब्लीडिंग" राहिलं, जे मूळव्याधीचं होतं आणि केव्हाच थांबलं होतं, की स्क्रीनिंगची डायग्नॉस्टिक झाली. डिडक्टिबल (विम्याने पैसे देण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) लागलं. पेशंटला बिल गेलं. तो फोन करतो बिलिंग ऑफिसला, तिथली मुलगी म्हणते डॉक्टरांनी असंच लिहिलंय, तो तुमच्या फ्रंट डेस्कला फोन करतो, फ्रंट डेस्क म्हणते हे कोडिंगवाल्यांचं काम, आणि शेवटी गुगलवर एक स्टार तुमच्या नावापुढे पडतो. आमच्या नाही.

आणि स्कोप कुठपर्यंत गेला ते लिहा. सीकम (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) गाठलं, अपेंडिक्सचं तोंड दिसलं, आयसी व्हॉल्व्ह (लहान आतडं येऊन मिळतं तिथली झडप) दिसला, एवढं एक वाक्य. प्रेप (आतडं आधी साफ करणं) वाईट होती म्हणून मध्येच सोडावं लागलं तर कुठे सोडलं ते लिहा, स्प्लेनिक फ्लेक्शरच्या (आतड्याच्या डाव्या वळणाच्या) पुढे जाऊन सीकमच्या अलीकडे थांबलात तर मेडिकेअरला ५३ मॉडिफायर (प्रोसिजर मध्येच थांबवली) लावून क्लेम, म्हणजे पैशाची मागणी, जातो, म्हणजे पेशंट परत आला की दुसऱ्या वेळचे पैसे अडकत नाहीत. ते न लिहिता "लिमिटेड एक्झाम" लिहिलं तर आम्ही नुसते बघत बसतो.

ऑर्थो, ऱ्हुमॅटॉलॉजी आणि पेनवाल्यांनो, तुमच्याकडे वळते. गुडघ्यात इंजेक्शन, २०६१०. अल्ट्रासाऊंड गाइडन्सने दिलं तर २०६११. यातली गोम अशी की प्रोब ठेवला म्हणजे २०६११ होत नाही, सुई जाताना बघितल्याचं नोटमध्ये लिहिलेलं हवं आणि इमेज सेव्ह केलेली हवी, रेकॉर्डमध्ये, कायमची. मशिनवर बघितलं आणि पुसून टाकलं तर २०६१०. बरेच जण म्हणतात अहो मी दर वेळी वापरतोच ना. वापरता हो, मान्य, पण ऑडिटरने इमेज मागितली की काय द्यायचं? आणि बाजू लिहा, उजवा की डावा. नोटच्या वर उजवा आणि प्रोसिजरमध्ये डावा असं निघालं की आमचं काम थांबतंच, पण त्याहून जास्त पोटात गोळा येतो की बाबा नेमका कुठल्या गुडघ्यात दिलं! आयसीडी-१० मध्ये बाजू कोडमध्येच बसलेली आहे, उजव्या गुडघ्याच्या झिजेचा एम १७.११, डाव्याचा एम १७.१२, आणि बाजू लिहिलेली नसेल तर बाजू न सांगणारा कोड टाकावा लागतो, आणि तो बघून पेयर लगेच नाक मुरडतो.

औषधाचंही तसंच. ट्रायअम्सिनोलोनचा जे ३३०१ हा कोड दर १० मिलिग्रॅमला आहे, म्हणजे ४० मिलिग्रॅम दिलं की ४ युनिट. नोटमध्ये "१ सीसी केनालॉग" (त्याच औषधाचं ब्रँडनाव) लिहिलं तर १० चं की ४० चं? दोन्ही स्ट्रेंथ बाजारात आहेत. मिलिग्रॅम लिहा. आणि सिंगल डोस व्हायल असेल तर किती दिलं, किती फेकलं तेही लिहा, मेडिकेअरला १ जुलै २०२३ पासून काहीच फेकलं नसेल तरी जेझेड लावावा लागतो, फेकलं असेल तर जेडब्ल्यू. फेकलेल्या औषधाचे पैसे मिळतात, पण लिहिलं तर.

मग येतो लाडका २५ नंबरचा मॉडिफायर, प्रोसिजरच्याच दिवशीची वेगळी व्हिजिट दाखवणारा. इंजेक्शनसाठीच पेशंटला बोलावलं, आला, गुडघा बघितला, इंजेक्शन दिलं, घरी गेला. यात ऑफिस व्हिजिट वेगळी लागत नाही, इंजेक्शन देण्याआधीचं तेवढं बघणं त्या प्रोसिजरच्या पैशातच धरलेलं आहे. त्याच दिवशी खांदाही दुखतो म्हणाला, तुम्ही खांदा तपासला, एक्स-रे सांगितला, फिजिओ लिहून दिली, तर हो, २५ लावून व्हिजिट मिळते, हक्काची आहे, सोडू नका. पण ते खांद्याचं काम नोटमध्ये वेगळं उभं राहिलं पाहिजे. प्रत्येक इंजेक्शनला डोळे मिटून २५ लावा असं सांगणारे मॅनेजर मी बघितलेत, आणि नंतर पेयरने रेकॉर्ड मागवल्यावर तेच मॅनेजर कसे गायब होतात तेही.

त्वचेवाल्यांसाठी थोडक्यात. लिजनचा, म्हणजे कापायच्या डागाचा किंवा गाठीचा, साइज कापण्याआधी मोजा आणि मार्जिनसकट (भोवती कापलेल्या चांगल्या त्वचेसकट) लिहा, लिजनचा सर्वात मोठा व्यास अधिक दोन्हीकडचं कमीत कमी मार्जिन. ते नाही लिहिलं तर आमच्या हातात राहतो पॅथॉलॉजी रिपोर्ट, आणि फॉर्मलिनमध्ये तुकडा आक्रसतो, म्हणजे मोठ्या कामाचा छोटा कोड. बिनाइन (साध्या) आणि मॅलिग्नंट (कॅन्सरच्या) लिजनचे कोड वेगळे आहेत, त्यामुळे रिपोर्ट यायच्या आधी क्लेम सोडायची घाई करू नका. शिवताना थर लिहा. साधं एका थरात शिवलं तर ते एक्सिजनमध्येच आलं, पण आतला थर वेगळा शिवला असेल तर इंटरमीडिएट रिपेअर वेगळा मिळतो, आणि त्याला लांबी सेंटिमीटरमध्ये लागते. "क्लोज्ड इन युज्वल फॅशन" या वाक्याचे शून्य डॉलर मिळतात.

आता ५९ बद्दल मनातलं बोलते. एनसीसीआय या मेडिकेअरच्या नियमसंचाच्या एडिट १९९६ पासून आहेत, कुठले दोन कोड एकत्र लावायचे नाहीत याच्या जोड्या, दर तिमाहीला बदलतात. प्रत्येक जोडीपुढे शून्य किंवा एक असतं. शून्य असेल तर कुठलाही मॉडिफायर लावा, मिळणार नाही. एक असेल तर मिळू शकतं, पण दुसरी जागा, दुसरी चीर, दुसरं सेशन असं काहीतरी खरंच वेगळं असेल तरच. डिनायल (पैसे द्यायला नकार) आलं, सीओ-९७ (हे दुसऱ्या कामाच्या पैशातच धरलंय, असं कारण) दिसलं, की "५९ लावून परत पाठवा" असा मेसेज येतो. ५९ म्हणजे काही देवाचा अंगारा नाही, लावला की सगळं पावन. तो लावणं म्हणजे मेडिकेअरला लिहून देणं आहे की या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, आणि ते लिहून देणारे तुम्ही, एनपीआय (डॉक्टरचा ओळख क्रमांक) तुमचा. नोटमध्ये वेगळेपण दिसत असेल तर मी स्वतःहून लावते, तुम्हाला सांगावंही लागत नाही. दिसत नसेल तर कृपा करून माझ्यावर जोर टाकू नका.

ग्लोबल पीरियडमध्येही, म्हणजे सर्जरीच्या पैशातच धरलेल्या देखभालीच्या काळातही, हाच घोळ. मोठ्या सर्जरीचे ९० दिवस म्हणतात पण आदला दिवस आणि सर्जरीचा दिवस धरून ९२ होतात. त्या काळात पेशंट परत ओटीत आला तर का आला यावर सगळं ठरतं. कॉम्प्लिकेशनमुळे आला तर ७८, आणि पैसे फक्त आतल्या कामाचे. आधीच ठरवलेला पुढचा टप्पा असेल तर ५८. काहीच संबंध नसेल तर ७९. ५८ चा आणि ७८ चा हिशोब फार वेगळा आहे, आणि तो ठरतो पहिल्या नोटमधल्या एका वाक्यावर, "दुसऱ्या टप्प्यात अमुक करणार आहे". हे वाक्य तुमच्या डोक्यात असतं, नोटमध्ये नसतं. आणि २२ मॉडिफायर (नेहमीपेक्षा बरंच जास्त काम) हवा असेल तर "व्हेरी डिफिकल्ट केस" लिहून भागत नाही, कशामुळे अवघड, किती अ‍ॅड्हीजन, हे चिकटलेले थर सोडवायला नेहमीपेक्षा किती वेळ जास्त गेला, ते लिहा. रडगाणं नको, आकडा द्या.

आता आमच्या क्वेरीबद्दल, म्हणजे नोटमध्ये काही राहिलं की आम्ही विचारतो त्या प्रश्नांबद्दल. मला कळतं की दिवसभर केसेस करून इनबॉक्समध्ये कोडरचा प्रश्न दिसला की डोकं फिरतं. पण आमच्यावर बंधन आहे, आम्ही "तुम्ही स्नेअरच वापरला ना?" असं तोंडात शब्द घालून विचारू शकत नाही, त्याला लीडिंग क्वेरी म्हणतात आणि ती कम्प्लायन्समध्ये बसत नाही. म्हणून आमचे प्रश्न असे गोल गोल वाटतात, चार पर्याय, पाचवा "इतर", सहावा "सांगता येत नाही". आम्ही मंद आहोत म्हणून नाही हो तसं विचारत. आणि त्यावर "सी ऑप नोट" असं उत्तर देणाऱ्या सर्व डॉक्टरांना साष्टांग नमस्कार, ऑप नोट बघूनच प्रश्न विचारला होता.

उत्तर द्यायचं तर नोटला अ‍ॅडेंडम (मागाहून जोडलेली नोंद) टाका, आजची तारीख, वेळ, सही. जुन्या नोटमध्ये गुपचूप फेरफार नको, सिस्टिममध्ये प्रत्येक क्लिकचा माग राहतो. आणि लवकर टाका. प्रोसिजरनंतर दोन दिवसांत टाकलेलं अ‍ॅडेंडम आणि डिनायल आल्यावर चार महिन्यांनी अचानक आठवलेलं अ‍ॅडेंडम यातला फरक ऑडिटरला कळतो. मेडिकेअरचा क्लेम सर्व्हिसच्या तारखेपासून एका वर्षात जायला हवा, त्यामुळे वेळ भरपूर आहे असं वाटतं, पण पहिल्या अपीलला नोटीस मिळाल्यापासून १२० दिवसच असतात आणि प्रायव्हेटवाल्यांच्या क्लेम पाठवायच्या मुदती बऱ्याचदा एका वर्षाहून आखूड.

भीती घालायची म्हणून नाही पण सांगायलाच हवं, फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट हा १८६३ चा, सिव्हिल वॉरच्या काळातला कायदा आहे आणि आजही तितकाच जिवंत आहे, नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि वर दर क्लेममागे दंड. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे फार चालत नाही, कारण मुद्दाम डोळेझाक करणंही माहीत असण्यातच धरतात. याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही, ती म्हणजे घाबरून कमी कोड लावणारे डॉक्टर. ऑडिट नको म्हणून स्नेअर असताना बायोप्सी लावा म्हणणारे. तेही चुकीचंच आहे, केलं ते लिहा आणि लिहिलं ते लावू द्या, ना वर ना खाली. तुमचा पगार डब्ल्यूआरव्हीयूवर (आरव्हीयूतल्या डॉक्टरच्या कामाच्या गुणांवर) असेल तर हे कमी लावणं थेट तुमच्या खिशातून जातंय, आणि वर्षाच्या शेवटी "मी एवढ्या केसेस केल्या आणि आकडा एवढाच कसा" असं विचारायला तुम्ही आमच्याकडेच येता.

प्रॅक्टिस मॅनेजर मंडळी हे वाचत असतील तर त्यांनाही एक शब्द. प्रोसिजर रूमच्या भिंतीवर कोडची जी लॅमिनेट केलेली चिठ्ठी लावलीये ना, तिची तारीख बघा. सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं, आयसीडी दर १ ऑक्टोबरला, आणि ती चिठ्ठी कुणीतरी नोकरी सोडून गेलेल्या माणसाने केलेली असते. ती काढा. आणि डॉक्टर आणि कोडर यांच्यामध्ये तीन माणसं आणि एक टिकेटिंग सिस्टिम उभी करू नका, सरळ बोलू द्या. आता ऑटो-कोडिंगचं सॉफ्टवेअर आणतोय, मग कोडरची कटकटच नको, असं काही जण म्हणतायत. आणा की, पण तेही तुमची तीच नोट वाचणार आहे, त्यालाही "रिमूव्हड" मधून स्नेअर दिसणार नाही, आणि दिसला तर जास्त काळजी करा.

तर मागणी साधी आहे. तुमच्या टेम्प्लेटमधून आधीच भरून येणारा मजकूर काढून टाका, आणि त्या जागी रिकाम्या जागा ठेवा ज्या भरल्याशिवाय नोटवर सही होणार नाही: इंडिकेशन आजचं, बाजू, जागा, साधन, माप, औषधाचे मिलिग्रॅम, कुठपर्यंत गेलात. बहुतेक सिस्टिममध्ये हे होतं, तुमच्या आयटीवाल्याला सांगा, तो नाही म्हणाला तर मला सांगा, मी त्याच्याशी बोलते. आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं द्या, व्हिडिओ कॉलवर चालेल, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. पहिल्या वेळी तुमच्याच गेल्या महिन्यातली पाच सीओ-९७ ची डिनायल घेऊन बसू, नोट एका बाजूला, क्लेम दुसऱ्या बाजूला. वेळ तुमच्या ओटी शेड्युलप्रमाणे ठरवा, आम्हाला रात्रीचं जागायची सवय आहे.

तुमची,
एक प्रोसिजर कोडर